निळ्या कोंबडीचे कोडे

रोहिणखेडसारख्या गावात अंड्यांवर कोंबडी बसवली, की पिल्ले कोणत्या रंगाची निघणार यावर आपण पैज लावतो. इंग्लंडमधील अंदालुशियन कोंबड्या पाळणारे मात्र याच प्रश्नाने हैराण होते. निळसर राखी कोंबडा-कोंबडी कितीही पारखून घेतली, तरी सुमारे निम्मी पिल्ले काळी किंवा ठिपकेदार पांढरी निघत. अशी पिल्ले वाणात खोट समजून काढून टाकत. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि बेटसन व पनेट यांनी उलगडा केला. काळ्याचा एक आणि ठिपकेदार पांढऱ्याचा एक असे दोन घटक एकत्र आले, की निळा रंग दिसतो. म्हणून निळ्या जोडीची पिल्ले १:२:१. गंमत म्हणजे, टाकाऊ ठरलेल्या काळ्या-पांढऱ्यांची जोडी लावली, तर सगळीच पिल्ले निळी! आपल्या गावरान कोंबड्यांत रंगाच्या अनेक घटकजोड्या मिसळलेल्या असल्याने हिशेब इतका सरळ नसतो. वर्गात मात्र दोन रंगांच्या मण्यांनी तो करून पाहता येतो.