काडतुसाच्या मानेला दिलेला ताव

झाडलेली काडतुसे पुन्हा भरणारे रायफल नेमबाज पुंगळीच्या मानेला आच देतात, ती मुख्यतः अचूकतेसाठी. मान सारखी मऊ असली की प्रत्येक गोळीवरची पकड सारखी राहते आणि गोळ्यांच्या वेगात फरक कमी पडतो, असा हिशेब. पण या तावाचा इतिहास चाळला तर अचूकता बरीच मागाहून येते. आधीची चिंता पुंगळी साठ्यात टिकावी ही होती, आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पावसाळ्याचा आहे.

ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची मूळ पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. १८८५ च्या सुमारास सुदानच्या मोहिमेत ती बंदुकीत अडकू लागली आणि सलग ओढून केलेल्या पुंगळीची निकड पटली. तिचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे, तीस टक्के जस्त. चकतीची वाटी करायची, वाटी ओढत ओढत नळी. दर ओढीला पितळ कडक होते, म्हणून मधे ताव द्यावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकणाराही तेच करतो. गोम शेवटच्या टप्प्यात होती. मान आवळल्यावर ताव दिला नाही, तर आवळण्याचा ताण धातूतच अडकून राहतो. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली अशी काडतुसे न झाडताच चिरू लागली. दोष दमट हवेचा, असे कोणी म्हणेल. पण नुसत्या ओलाव्याने पितळ चिरत नाही. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली दाखवून दिले की अडकलेला ताण आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया एकत्र आले की भेग पडते. ओल अमोनियाला वाट करून देते. मग पागाच दूर का नेल्या नाहीत? नेता आल्या असत्या, पण कुजणाऱ्या कुठल्याही सेंद्रिय घाणीतून अमोनिया सुटतो, आणि युद्धात कोठार निवडायची चैन नसते. ताण पुंगळीतूनच काढणे हाच भरवशाचा उपाय.

ताव दिल्याने पुंगळी दुबळी होते, ही शंका मात्र अगदीच पोकळ नाही. बुडाशी दाबाचा मोठा भार येतो, ते कडकच राहायला हवे. म्हणून आच मानेपुरती आणि तिच्या खालच्या खांद्यापुरती. लष्करी पुंगळ्यांवर त्या आचेची निळसर छटा मुद्दाम ठेवतात, तपासनिसाला काम झालेले दिसावे म्हणून. नागरी बाजारातले कारखानदार ती सहसा घासून काढतात. नेमबाजाला तोच टप्पा पुन्हा करावा लागतो, कारण दर झाडणीला आणि पुन्हा मापात आणताना मान कडक होत जाते. त्यातून अचूकता साधतेच असे नाही. एका पुंगळीला जास्त आच आणि दुसरीला कमी लागली, तर पकडीतला फरक उलट वाढतो.