'ऑफिस टाइम' ओळखा पानावरून, जगवा उन्हावर

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा, जि. नंदुरबार) - तापी खोऱ्यातील काळी, कसदार माती ऊस, केळी आणि कापसाला मानवते. हीच माती कुंडीत भरून तीत 'ऑफिस टाइम'चे रोप लावले, तर मात्र ते काही आठवड्यांत कुजून जाते. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात पावसाळा सुरू झाला, की शेताच्या बांधावर घोळ आपोआप उगवते. तिच्याच कुळातील शोभेचे रोप शहरातील गॅलरीत कौतुकाने वाढवले जाते आणि बहुधा जास्त पाण्यामुळे दगावते. ते नेमके कोणते, हे ओळखले आणि त्याचा स्वभाव जाणला, तर हे नुकसान टळू शकते.

नावे आणि मूळ

सकाळी ऊन चढल्यावर उमलणारी आणि दुपारनंतर मिटणारी फुले म्हणून 'ऑफिस टाइम', तर दुहेरी पाकळ्यांमुळे 'चिनी गुलाब' अशी नावे या रोपाला मिळाली. व्हिएतनाममध्येही त्याला 'दहा वाजताचे फूल' म्हणतात. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रॅंडिफ्लोरा. चिनी म्हटले जात असले, तरी ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशांतील आहे. विल्यम हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

ओळख कशी पटवावी?

फुलांच्या रंगावरून फसगत होते; म्हणून आधी पान पाहावे.

- चिनी गुलाब : पाने सुईसारखी, गोलसर आणि रसदार. पानांच्या बेचक्यात पांढरे केस. फुले एकेरी किंवा दुहेरी.
- रुंद पानांचा पोर्टुलाका (पोर्टुलाका अंब्राटिकोला) : पाने चपटी, चमच्याच्या आकाराची. फुले मोठी, बहुधा पाच पाकळ्यांची. बोंडाभोवती पातळ कड असते, हीच याची पक्की खूण.
- घोळ (पोर्टुलाका ओलेरासिया) : पाने चपटी, देठ अनेकदा तांबूस. फुले अगदी लहान आणि पिवळी. ही रानभाजी.
- चिवळ (पोर्टुलाका क्वाड्रिफिडा) : जमिनीलगत पसरणारी, बारीक समोरासमोर पाने, चार पाकळ्यांची पिवळी फुले. हीही भाजीची.

रोपवाटिकेत 'बेबी सनरोझ' या नावाने मिळणारे रोप वेगळे. त्याच्या फुलाला अनेक बारीक पाकळ्या असतात.

सर्वांत महत्त्वाची चाचणी देठाची. एरंड कुळातील नायटीसारखी जमिनीलगत वाढणारी काही तणे लांबून घोळीसारखी दिसतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. असा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक ठरू शकतो. घोळ आणि तिच्या भाऊबंदांच्या देठातून पाण्यासारखा रस येतो.

कुंडी, माती आणि लागवड

मुळे उथळ असल्याने सहा ते आठ इंच खोलीची पसरट कुंडी किंवा टांगती परडी पुरते. तळाला छिद्रे हवीतच. साधी बागेची माती असल्यास दोन भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले खत घ्यावे. काळी माती असल्यास प्रमाण उलटे करून एक भाग मातीला दोन भाग रेती घालावी. काळी माती पाणी धरून ठेवते, हेच येथे अडचणीचे असते.

लागवड फांदीपासून सर्वांत सोपी. तीन-चार इंचांचा शेंडा खुडून खालची पाने काढावीत आणि एक दिवस सावलीत ठेवून मग लावावा. साधारण आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. बिया अतिशय बारीक असतात. त्यांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून त्या मातीत पुरू नयेत. पृष्ठभागावर टाकून हलके दाबावे.

ऊन आणि पाणी

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे ऊन मिळत असेल, तर फुले चांगली उमलतात. दिवसभर सावली असलेल्या गॅलरीसाठी हे रोप घेऊच नये. ढगाळ दिवशी फुले मिटलेली राहिली, तर तो रोग समजू नये.

या कुळाची पाने पाणी साठवतात. घोळीत तर प्रकाशसंश्लेषणाच्या दोन निरनिराळ्या पद्धती एकाच पेशीत एकत्र चालतात, असे २०२२ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे ही झाडे दुष्काळातही तग धरतात. मातीचा वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच पाणी द्यावे. बशीत पाणी साचू देऊ नये. खतही बेताचे असावे. नत्र जास्त झाले, तर पाने माजतात आणि फुले कमी होतात.

निगा

फुलांचा बहर ओसरला, की फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. पिठ्या ढेकूण दिसल्यास बाधित शेंडे काढून टाकावेत आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल, साबणाच्या थेंबासह फवारावे. मुसळधार पावसात कुंडी आडोशाला, पण उजेडात ठेवावी. पावसाळ्यापूर्वी चार शेंडे दुसऱ्या कुंडीत लावून ठेवले, तर मूळ रोप कुजले तरी जात टिकते.

खाण्याविषयी सावधगिरी

घोळ खातात म्हणून रोपवाटिकेतून आणलेल्या शोभेच्या रोपाची पाने खाऊ नयेत. त्यांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते. घोळीतही ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती भाजी खावी. पोर्टुलाका मांजर आणि कुत्र्यांनाही अपायकारक ठरू शकतो, तेव्हा कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

नवे रोप घेताना पान पाहावे, देठाची खात्री करावी आणि घरी आणल्यावर ते उन्हात ठेवावे. पाण्याचा झारा मात्र रोज उचलू नये.