सागवान : वाड्यांचे आणि गलबतांचे लाकूड

सागाच्या लाकडाचे मोल त्याच्या गाभ्यात आहे. बाहेरचा फिकट थर लवकर किडतो. सोनेरी-तपकिरी गाभ्यात मात्र नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि ऊन-पावसातही ते फारसे फुगत वा आकसत नाही. घनमीटरला साधारण 650 किलो वजनाचे हे लाकूड मजबुतीच्या मानाने हलके असते. रंध्याखाली ते चांगले साफ होते, मात्र त्यातील वाळूसारख्या सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर बोथट होते.

घरबांधणीत खांब, तुळया, दारे आणि कडीपाटासाठी सागवानाला पसंती असे. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी ते जुन्नरच्या जंगलातून आणल्याचे सांगतात.

जहाजबांधणीत सागातील तेलाचा दुहेरी उपयोग होई: लाकूडही टिके आणि त्यातील खिळेही. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानात ते टिकतात. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सागवानी जहाजे बांधली. 1810 मध्ये येथे ‘मिंडेन’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका तयार झाली. 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जपलेली आहे.

या मागणीचा भार जंगलांवर पडला. मराठा राज्यातील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात, अठराव्या शतकाच्या आरंभीच, आरमारासाठी सागवान हुजूर परवानगीनेच तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, आणि रयतेने वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा दंडक आढळतो. ओकची टंचाई भासू लागल्यावर ब्रिटिशांची नजर मलबारच्या सागाकडे वळली. तेथे 1806 मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. सरकारी मक्तेदारीविरुद्ध तक्रारी वाढल्याने 1823 मध्ये ते पद रद्द झाले. पुढे 1840 च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. त्या लागवडीतील काही झाडे अजून उभी आहेत. जंगलातून तोडून आणायचे लाकूड आता लावून वाढवण्याचे पीक झाले होते.