भंगारातली जहाजं आणि लाकडाचा भाव

जुनं लाकूड विकत घ्यायचं, खिळे उपटायचे, कापायचं आणि परत विकायचं. यात पैसा सुटतो का? आपल्याकडे वाडा पाडताना सागाच्या तुळयांचा भाव आधी विचारतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. पण हाच हिशोब १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये अख्ख्या युद्धनौकांवर मांडला जायचा.

१८३८ साली ब्रिटिश नौदलाने 'टेमेरेर' विकायला काढली. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) लढलेली, ९८ तोफांची. लंडनच्या जॉन बीटसनने ती ५,५३० पौंडांना घेतली. एवढ्या रकमेत फायदा काढायचा म्हणजे ओकच्या फळ्या विकून भागत नाही, तळाला ठोकलेलं तांबं धरावं लागतं. शिवाय मजुरी! ओकमध्ये ठोकलेले बोल्ट काढणं म्हणजे दुसऱ्याचा जुना कोड साफ करण्यासारखं, वेळ किती जाईल सांगता येत नाही. (टर्नरने १८३९ मध्ये हिचंच चित्र प्रदर्शनात मांडलं. चित्रात डोलकाठ्या दिमाखात उभ्या आहेत, प्रत्यक्षात त्या आधीच काढून घेतल्या होत्या. असो.)

खरी गंमत 'फुद्रॉयंट'ची. हीसुद्धा १७९८ चीच, आणि काही काळ नेल्सनचं निशाण हिच्यावर होतं. १८९२ मध्ये नौदलाने ती भंगारात काढली आणि ती जर्मन व्यापाऱ्यांकडे गेली. लोक भडकले. शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने तर चक्क कविता लिहून नौदलाला झोडपलं! शेवटी व्हीटली कॉब नावाच्या श्रीमंत गृहस्थाने ती परत विकत घेतली, डागडुजी केली आणि खर्च काढायला समुद्रकिनाऱ्यांवर तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलला वादळात नांगराची साखळी तुटली आणि जहाज किनाऱ्यावर आपटलं. माणसं वाचली, जहाज गेलं.

आता हिशोब बघा. त्याच लाकडाचं फर्निचर झालं, तांब्याची पदकं झाली आणि लोकांनी हौसेने घेतली. लाकूड साधं ओकच, पण 'नेल्सनच्या जहाजाचं' म्हटलं की घनफुटाचा भाव लागूच होत नाही. माझ्या मते या धंद्यात नफा करवतीत नसतो, गोष्टीत असतो. नावगाव नसलेल्या फळीला मात्र लाकडाचाच भाव मिळतो, आणि मग मजुरी जाऊन हातात फारसं काही उरत नाही.

कॉब खचला नाही. त्याच वर्षी भंगारात निघालेलं आणखी एक जहाज त्याने उचललं. हे मुंबईत बांधलेलं! युद्धांमुळे इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती, म्हणून वाडियांच्या देखरेखीखाली सागात बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेलं 'त्रिंकोमाली'. कॉबने त्यालाही 'फुद्रॉयंट'च नाव दिलं, पोरांना शिकवायला वापरलं. १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं. इंग्लंडातल्या हार्टलपूलला ते अजून पाण्यावर आहे, तिकीट काढून आत जाता येतं.