धुळीच्या पडद्याआडचे कृष्णविवर

हिवाळ्यात नागपूरबाहेरच्या अंधाऱ्या माळावरून लहान दुर्बीण तिमिंगल तारकासमूहाकडे रोखली, तर एक धूसर ठिपका दिसतो : एम ७७. फ्रेंच निरीक्षक पिएर मेशँ यांनी १७८० मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा तो तेजोमेघ वाटला. प्रत्यक्षात ती सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका आहे. विश्वाच्या मापाने शेजारघरच.

१९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट अभ्यासले. काहींतील रुंद रेषा सांगत होत्या की आतला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतो आहे. पुढे १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी कारण सुचवले : केंद्रातील महाकाय कृष्णविवर, आणि त्यात पडताना तापून उजळणारा वायू. पण एम ७७ मध्ये त्या अतिरुंद रेषा सापडत नव्हत्या. कृष्णविवर उपाशी होते, की दार बंद होते?

१९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी केवळ ध्रुवित, म्हणजे विखुरून आलेला प्रकाश वेगळा काढला. आणि रुंद रेषा उमटल्या. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असावा, पण चौकातून वर गेलेला दिव्याचा उजेड झाडाच्या पानांवर दिसावा, तसेच हे. दरवाजा होता धूळ आणि वायूच्या जाड कड्याचा.

प्रश्न एका दीर्घिकेपुरता नव्हता. गिळलेल्या वस्तुमानाचा साधारण दशांश भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो, असे धरले तर प्रकाशावरून कृष्णविवरांची वाढ मोजता येते, हे सोल्तान यांनी १९८२ मध्ये दाखवले होते. झाकलेला प्रकाश गणतीतून सुटला, तर वाढीचा हिशेबच खोटा. आकाशभर पसरलेली क्ष-किरणांची मंद आभाही अशा लपलेल्या कृष्णविवरांवाचून उलगडत नाही. एम ७७ चा पडदा तर इतका दाट, की तीव्र क्ष-किरणही सहसा अडतात; २०१४ मध्ये ढगांत फट पडली, तेव्हा न्यूस्टार उपग्रहाला ते थेट दिसले.

रेडिओ लहरींना मात्र धूळ अडवत नाही. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटर टापूत पसरल्या आहेत. त्या दीर्घ लहरी टिपतात, आणि या लहरींत जुन्या भोजनाची खूण दीर्घकाळ टिकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे विशेष भावेल.

भुजंगधारी तारकासमूहातील, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकासमूहाच्या क्ष-किरण चित्रात तप्त वायूत एक विशाल वक्र कड दिसली होती. इतका मोठा स्फोट शक्य आहे का, याविषयी शंका होती. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीच्या आणि जीएमआरटीच्या नोंदी जुळवल्यावर त्या कडेपलीकडची पोकळी रेडिओ उत्सर्जनाने भरलेली आढळली. ज्या झोतांनी ती खोदली, ते आता तेथे दिसत नाहीत.