प्रयागचे प्राध्यापक, निंबाळचे गुरुदेव

परप्रांतात नाव काढलेल्या मराठी विद्वानांची आठवण निघाली की प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचे नाव घ्यावेच लागते. जन्म ३ जुलै १८८६ चा, जमखंडी संस्थानातला, म्हणजे कानडी मुलखातला. शाळेत असतानाच, १९०१ साली, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. पुढे १९१४ साली ते तत्त्वज्ञानात एम. ए. झाले. फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवून १९२७ साली ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. निवृत्ती १९४६ ची. तेथील कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

उपनिषदांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने (१९२६) त्यांची कीर्ती झाली. तरी त्यांचे खरे धाडस पुढच्या कामात आहे. त्या काळी भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास म्हणजे मुख्यतः संस्कृत ग्रंथांचा इतिहास. मराठी अभंग भजनात म्हणायचे, वर्गात शिकवायचे नाहीत! डॉ. श्री. कृ. बेलवलकरांबरोबर रानड्यांनी अशा इतिहासाची अनेक खंडांची योजना आखली होती. तीत १९३३ साली निघालेला सातवा खंड महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवमार्गाला वाहिलेला आहे. ज्ञानेश्वरांचा मार्ग बुद्धिप्रधान, नामदेव व त्यांच्या समकालीन संतांचा लोकशाहीचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिनिष्ठ, समर्थांचा कर्मप्रधान, अशी त्यांची मांडणी आहे. गोरा कुंभार, सावता माळी, चोखोबा यांना उपनिषदांच्या ऋषींबरोबर एकाच ग्रंथमालेत जागा मिळाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

सगळेच पटते असे नाही. तुकोबांसारखा माणूस एका शब्दात मावत नाही. चोखोबांच्या अभंगातला विटाळाचा जाब ईश्वरानुभवाच्या चर्चेत मागे पडतो. रानड्यांना अनुभूती शोधायची होती, समाज नव्हे. पण यावर वाद घालायचा तरी तो ग्रंथ समोर ठेवूनच घालावा लागतो. योजनेतले बहुतेक खंड मात्र निघालेच नाहीत.

अलाहाबादेतल्या वर्षांत त्यांनी हिंदी संतांनाही आपलेसे केले. कबीर, सूरदास, तुलसीदास, मीराबाई यांच्या पदांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली आला. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम विजापूर जिल्ह्यातील निंबाळला असे; तेथेच ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला. जन्मभूमीच्या भाषेतील, कन्नड संतांवरील ग्रंथ निघाला तो त्यानंतर, १९६० साली.