दोन की पाच? घरातल्या आवाजाचा थोडा इतिहास

टीव्हीला साउंड सिस्टिम जोडायची म्हणून दोन आठवडे घरात वाद चालू आहे. लेकाला 5.1 पाहिजे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मी म्हणतो दोनच घेऊ, पण चांगले. बजेट एकच. भांडण तसं जुनंच आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

लंडनला ईएमआय कंपनीत अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाचा इंजिनिअर होता. बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, असं सांगतात. डिसेंबर 1931 मध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, हेही त्यात होतं. 1942 मध्ये रडारच्या चाचणीवेळी विमान कोसळून तो गेला, वय अवघं 38. बड्या कंपन्यांच्या स्टिरिओ एलपी बाजारात आल्या 1958 मध्ये. आपली कल्पना घराघरांत पोचलेली त्याने बघितलीच नाही.

दोन स्पीकरची गंमत अशी, की बरोबर मधोमध बसलात तर गायक दोघांच्या मध्ये उभा आहे असं वाटतं. तिथे स्पीकर नसतोच, फसतो तो आपला कान. पण एका कडेला सरकलात की सगळा आवाज जवळच्या स्पीकरकडे पळतो.

1970 च्या दशकात कंपन्यांनी चार स्पीकरची 'क्वाड्रोफोनिक' पद्धत काढली. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-4. एकीची रेकॉर्ड दुसरीच्या डीकोडरवर धड चालेना. दशक संपता संपता सगळं गुंडाळलं गेलं. ज्यांनी हौसेनं चार स्पीकर घेतले, त्यांचे दोन कोपऱ्यात धूळ खात पडले. भुर्दंड गिऱ्हाइकाला.

सराउंड टिकला तो सिनेमामुळे. थिएटरात हजार माणसं, सगळे मधोमध कसे बसणार? म्हणून संवादासाठी पडद्यामागे मधला स्पीकर आला. आपल्याकडे 1975 चा 'शोले' 70 एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला, तेव्हा लोक आवाज ऐकायलाही गेले. 1977 च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओ गाजवला, 1982 पासून त्याचे डीकोडर घरात आले आणि 1992 मध्ये थिएटरात डॉल्बी डिजिटल. डीव्हीडीबरोबर तेच 5.1 दिवाणखान्यात शिरलं.

आता 'डॉल्बी' म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं? मिरवणुकीतली स्पीकरची भिंत! रे डॉल्बी या माणसाचं नाव झालं ते मात्र टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीत त्यावर आपण तावातावाने पोस्टी टाकतो. पण सबवूफरची धडधड स्लॅबमधून खाली जाते, आणि आमच्या खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मंडळाला एक न्याय आणि स्वतःला दुसरा, हे काही बरं नाही.

म्हणजे मी जिंकलो? नाही. आई दिवाणाच्या टोकाला बसते. दोन स्पीकरच्या मधोमध ती कधीच नसते, त्यात कानाने कमी. बाकीचे हसतात तेव्हा ती विचारते, "काय म्हणाला रे तो?" थिएटरात कडेला बसणाऱ्यांचा जो प्रश्न होता तोच इथे. मधला स्पीकर तिच्यासाठी हवा.

शेवटी ठरलं ते असं. अ‍ॅम्प्लिफायर 5.1 चालवणारा घ्यायचा, पण आत्ता स्पीकर तीनच: गाण्यांसाठी चांगले दोन आणि संवादासाठी मधला. मागचे दोन लेकाने पहिल्या पगारातून घ्यावेत. सबवूफर नाही. चिरंजीव अजून फुगलेत, पण अ‍ॅम्प्लिफायरची मॉडेलं तोच शोधतोय.

दुकानात पाचाचा सेट स्वस्त दिसतो. घ्यायच्या आधी एवढंच बघा, की घरात कोण कुठे बसतं आणि भिंतीपलीकडे कोण झोपतं. तुमच्याकडे काय आहे? कमेंटमध्ये सांगा.